जाताना वारा तोंडावर घ्यावा

गेल्या कोजागरीला आम्ही दहा-बारा कुटुंबे जुबैलला एका मित्राच्या घरी जमलो होतो. गच्चीवर चांदणे सुरेख पडले होते, केशर-बदाम घातलेले दूध तयार होते. पण जो तो पातेल्यापाशी येऊन आधी एकच प्रश्न विचारत होता, "वहिनी, बिनसाखरेचे वेगळे ठेवले आहे ना?" शेवटी साखरेचे पातेले तसेच राहिले आणि बिनसाखरेचे दुसऱ्यांदा करावे लागले. वीस वर्षांपूर्वी याच मंडळींनी चार-चार ग्लास दूध रिचवून वर भजी मागितली होती!

मग साहजिकच गप्पा साखर, रक्तदाब, गुडघे यांवर आल्या. मी गेली काही वर्षे सायकल चालवतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे निघताना तिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "कोणती सायकल घेऊ?" तिघांनाही मी एकच सांगितले, "सायकल कोणतीही घ्या, आधी रस्ता ठरवा." उत्तर त्यांना फारसे पटलेले दिसले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या ओळखीतल्या किती घरांत हौसेने घेतलेली सायकल बाल्कनीत उभी आहे, हे एकदा मोजून पाहा. आमच्या इमारतीत अशा चार आहेत. एकीवर नियमितपणे टॉवेल वाळतात. या सर्वांचे मालक आळशी आहेत असे मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात ते भलत्या वेळी भलत्या रस्त्याला गेले, घाबरले किंवा दमले, आणि सायकल सुटली. माझीही सुटणारच होती.

पुण्याची सवय कुठे गेली?

आम्ही दोघेही मूळचे पुण्याचे. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, त्या काळातले आमचे कॉलेज. सौ. सदाशिव पेठेतून रोज सायकलने कॉलेजला जायची, पावसात एका हातात छत्री धरून. २००४ साली आम्ही सौदीला आलो आणि ही सवय विमानतळावरच राहिली म्हणा ना. इथे २०१५ अखेरपर्यंत उत्तम प्रतीचे पेट्रोल लिटरला ०.६० रियाल होते, म्हणजे पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून खुबूस आणायलाही आम्ही गाडी काढायचो.

सौ.च्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. तेव्हा इथे स्त्रियांनी सायकल चालवण्याची सोय नव्हती. २०१२ साली हैफा अल मन्सूर या सौदी दिग्दर्शिकेचा 'वज्दा' हा चित्रपट आला. रियाधमधल्या एका लहान मुलीला सायकल हवी असते, एवढीच त्याची गोष्ट. २०१३ मध्ये बातमी आली की स्त्रियांना बागेत आणि मनोरंजनाच्या जागी सायकल चालवता येईल, तीही घरच्या पुरुषाबरोबर आणि अंगभर अबाया घालून. सौ.ने बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाली, "म्हणजे बागेत गोल गोल फिरायचे. राहू दे."

पुढे जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितावर महिना १०० रियाल शुल्क लागू झाले. ते दरवर्षी १०० ने वाढून जुलै २०२० पासून ४०० होणार हेही जाहीर झाले होते. बायको आणि मुलगी अशा दोघींचे वर्षाला ९,६०० रियाल, शिवाय शाळेची फी आणि घरभाडे. बऱ्याच मराठी घरांत त्या वर्षी जो हिशेब झाला तोच आमच्याकडेही झाला, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात दोघी पुण्याला गेल्या.

एकट्या माणसाचे खाणे कसे असते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. दुपारी कबसा, रात्री ब्रोस्ट, आणि मधल्या वेळेला 'आज कुठे करत बसायचे' म्हणून शवर्मा. २०२१ मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ७.१ निघाला. ६.५ आणि त्यावर गेले की मधुमेह. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितले. गुडघा चालू देईना, म्हणून मायदेशी परतणाऱ्या एका फिलिपिनो सहकाऱ्याकडून मी ६०० रियालला जुनी सायकल घेतली.

मार्चमधला तो शुक्रवार

सायकल घेतल्यावर माणसाला आपण पंचविशीचे झालो असे वाटू लागते. मी छपन्नाव्या... नव्हे, तेव्हा बावन्नाव्या वर्षात होतो. मार्च २०२२ मधल्या एका शुक्रवारी दुपारी झोप काढून साडेतीनला निघालो आणि दम्मामच्या दिशेने जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेचा सर्व्हिस रोड धरला. सायकल अशी काही पळत होती की विचारू नका. पन्नास मिनिटांत बावीस किलोमीटर झाले. मनात म्हटले, पुण्याचे पाणी अजून अंगात आहे.

ते पुण्याचे पाणी नव्हते, पाठीवरचा वारा होता. आपल्या या पूर्व प्रांतात मुख्य वारा वायव्येकडून येतो. यालाच शमाल म्हणतात. जुबैलहून दम्मामकडे जाताना तो पाठीवर असतो आणि परतताना थेट तोंडावर. मी सायकल वळवली आणि जणू कोणी मागून धरून ठेवले. सव्वा तासात जेमतेम चौदा किलोमीटर झाले. पाणी संपले. दुपारचे जेवण हलके झाले होते, त्यामुळे हात थरथरू लागले. सूर्य मावळला, आणि मी तर दिवाही लावला नव्हता, कारण 'उजेडातच परत येऊ' असा हिशेब होता. एका वळणावर रस्त्यावर वाळूचा थर आला होता तो दिसलाच नाही. सायकल एकीकडे आणि मी दुसरीकडे.

डावे मनगट मोडले. वीसेक मिनिटे कोणी थांबले नाही. मग एक पिकअपवाला पठाण थांबला. त्याने पाणी पाजले, खजूर दिले, सायकल मागे टाकली आणि मला इस्पितळाच्या दारापर्यंत नेऊन सोडले. पैसे देऊ केले तर म्हणाला, "भाईसाब, घर जाके बच्चों को फोन करना." नाव विचारायचेही राहून गेले.

सहा आठवडे प्लास्टर होते. त्या दिवसांत एका हाताने चहा करता करता मी जो विचार केला तो प्रत्येक परदेशस्थ घराने करावा असा आहे. सौदी कामगार कायद्यानुसार वर्षातले आजारपणाचे पहिले ३० दिवस पूर्ण पगारी, पुढचे ६० दिवस तीन-चतुर्थांश पगारी आणि त्यापुढचे ३० दिवस बिनपगारी मिळतात. माझे भागले. पण मनगटाऐवजी कंबर किंवा डोके असते तर? आपला इकामा नोकरीला बांधलेला, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता इथल्या पगाराला बांधलेला आणि मुलीचे शिक्षण त्या दोन्हींना. साखर उतरवण्यासाठी घेतलेल्या सायकलने सारे घरच आडवे पाडले असते. आणि माझ्या धाडसात धाडसाचा अंशही नव्हता. सगळा प्रकार केवळ न आखलेल्या रस्त्याचा होता.

रस्ता कसा आखावा

प्लास्टर निघाल्यावर मी शाळेची एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'आधी परतीचा विचार'. त्या वहीतले नियम खाली देतो. ते सारे चुकांतून आलेले आहेत.

१) अंतर नव्हे, वेळ ठरवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. पन्नास मिनिटांच्या तीन फेऱ्या झाल्या की किमान मर्यादा पुरी झाली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ करून अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत पुरी केली, त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण आपल्याला न्याहारीला घरी यायचे आहे.

२) जाताना वारा तोंडावर घ्या. निघण्याआधी फोनवर वाऱ्याची दिशा पाहा आणि पहिला अर्धा भाग वाऱ्याच्या विरुद्ध काढा. अंगात दम असतो तेव्हा कष्ट, आणि दमल्यावर पाठीवर वारा. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो, दुपारकडे वाढत जातो. म्हणूनही पहाट बरी.

३) प्रदक्षिणा घाला. इथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे नेहमी उजवीकडेच वळणारा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा गोल रस्ता घेतला की समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. देवळात जशी प्रदक्षिणा घालतो तशीच. भारतात हेच गणित उलटे होते, तिथे डावीकडे वळावे. तीन-चार पदरी चौक आणि गाड्यांचे यू-टर्न जिथे आहेत तो रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी वहीतून खोडावा. हायवेचा तर विचारही नको.

४) आधी नकाशा, मग गाडी, मग सायकल. फोनवरच्या नकाशात उपग्रहाचे चित्र पाहा. झाडे कुठे, उघडे वाळवंट कुठे, कुठे बांधकाम चालू आहे, हे घरबसल्या कळते. सायकलस्वार कोणत्या रस्त्यांवर जास्त जातात हे दाखवणारे नकाशेही आता मिळतात. त्यानंतर ज्या वारी आणि ज्या वेळी सायकल न्यायची त्याच वारी त्याच वेळी गाडीने एकदा फिरून या. शुक्रवारी पहाटे निर्मनुष्य असणारा रस्ता रविवारी सकाळी कंपनीच्या बसगाड्यांनी भरलेला असतो. वाळू, गतिरोधक, भटकी कुत्री या गोष्टी नकाशात दिसत नाहीत.

५) थांबे लिहून ठेवा. दर पाच-सहा किलोमीटरवर बकाला, पेट्रोल पंप किंवा मशीद असावी. मशिदीबाहेर बहुधा थंड पाण्याचे नळ असतात, आणि तिथे पाणी पिणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लबन म्हणजे आपले ताकच. परतल्यावर त्यासारखे पेय नाही.

६) अर्ध्यातून सुटण्याची वाट ठेवा. रस्ता असा आखा की कोणत्याही ठिकाणाहून तीन-चार किलोमीटरमध्ये घर किंवा टॅक्सी गाठता यावी. म्हणून वीस किलोमीटर सरळ जाऊन परत येण्यापेक्षा सात किलोमीटरच्या तीन फेऱ्या शहाणपणाच्या.

७) ऋतूप्रमाणे वेळापत्रक बदला. जूनमध्ये आमच्याकडे पावणेपाचच्या सुमारास उजाडते. साडेसहाला सायकल घरात आली पाहिजे. किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही आणि शरीर थंड होत नाही. डोके दुखणे, मळमळ, बोलण्यात गोंधळ अशी चिन्हे दिसली की लगेच सावलीत थांबावे, अंगावर पाणी घ्यावे आणि मदत बोलवावी. सौदी रेड क्रेसेंटच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९७. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके असते, तेव्हा उलट उशिरा निघावे. रमझान सध्याच्या वर्षांत थंडीच्या सुमारास येतो. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर पाणी पिऊ नये, आणि इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात तर रस्त्यावर असूच नये. तेव्हा घरी पोहोचण्याची सर्वांनाच घाई असते.

८) खिशात तीन गोष्टी हव्यात. इकाम्याची प्रत व घरच्या दोन क्रमांकांची चिठ्ठी, चार खजूर, आणि थोडे सुटे रियाल. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यामुळे सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलाच. हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा दिवसाही असू द्या.

वहीत दुसरे अक्षर

मुलगी पदवीधर होऊन नोकरीला लागली आणि २०२३ च्या शेवटी सौ. इकाम्यावर परत आली. मधल्या काळात इथले बरेच काही बदलले होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये जेद्दात स्त्रियांची सायकल शर्यत झाली होती, आणि त्याच वर्षी २४ जूनपासून स्त्रिया गाडी चालवू लागल्या होत्या. फनातीरच्या कॉर्निशवर मुली, बायका सायकलवर दिसत होत्या. तरी सौ. महिनाभर नुसती बाकावर बसून बघत होती.

एके दिवशी तिने माझी वही मागितली. मी अभिमानाने दिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात स्वच्छतागृह कुठे आहे? बसायला बाक कुठे आहे? दिवे कुठपर्यंत आहेत? तुम्ही फक्त तुमच्यासारख्या माणसाचा रस्ता लिहिला आहे."

खरे होते. त्या दिवसापासून वहीत दुसरे अक्षर सुरू झाले. ती स्वतः सायकलवर न बसता दोन शुक्रवार माझ्याबरोबर गाडीतून फिरली आणि माझ्या सात रस्त्यांपैकी चार खोडले. एक कामगार वसाहतीच्या बसथांब्यावरून जात होता, तिथे पहाटे शंभर माणसे उभी असतात. एकावर तीन किलोमीटर दिवेच नव्हते. एकावर पदपथ मध्येच संपून माणसाला रस्त्यावर उतरावे लागत होते. चौथा का खोडला असे विचारले तर म्हणाली, "कंटाळवाणा आहे. नुसती भिंत. त्या भिंतीसाठी पहाटे चारला कोण उठेल?" हा मुद्दा माझ्या आठ नियमांत नव्हता. आता तो नववा आहे. रस्त्यात डोळ्यांना काहीतरी हवे, मग तो समुद्र असो, खजुरीची रांग असो की भट्टीतून गरम तमीस काढणारा अफगाणी असो.

मागच्या जानेवारीत, जवळजवळ तीस वर्षांनी, तिने पुन्हा पायडल मारले. पहिले दहा मीटर हँडल डगमगले. मी मागून धरायला धावलो तर ओरडली, "सोडा! तुमच्यामुळेच पडेन." समुद्राकाठचा तो चार किलोमीटरचा तुकडा आम्ही त्या दिवशी दोनदा केला. जाताना वारा तोंडावर होता, येताना पाठीवर. येताना ती माझ्या पुढे होती.

आपापल्या गावाजवळ

जुबैल आणि यानबू ही दोन्ही शहरे १९७५ साली स्थापन झालेल्या रॉयल कमिशनने आखलेली. कारखाने एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे, त्यामुळे वस्तीतले रस्ते शांत असतात. दोन्हीकडे लांब कॉर्निश आहेत. नवशिक्याने सुरुवात तिथेच करावी.

खोबर-दम्मामकरांसाठी पहाटेचा कॉर्निश उत्तम. हाफ मून बेचा किनारा मोह घालतो, पण तिथे टेकड्यांची वाळू रस्त्यावर येते आणि सुट्टीच्या दुपारी वाळूत गाड्या उडवणाऱ्यांची गर्दी असते. जायचेच तर भल्या पहाटे. बहारीनला जोडणारा किंग फाहद कॉजवे, १९८६ साली सुरू झालेला २५ किलोमीटरचा पूल, गाडीतूनच पाहावा.

रियाधकर याबाबतीत भाग्यवान. शहराच्या पश्चिमेला वादी हनीफा आहे, सुमारे १२० किलोमीटरची दरी. एके काळी तिची कचराकुंडी झाली होती. तिची स्वच्छता करून, झाडे लावून, पाणी नैसर्गिक पद्धतीने शुद्ध करून तिला पुन्हा जिवंत केले गेले, आणि या कामाला २०१० साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सावली, पाणी आणि खजुरीच्या बागा एकत्र मिळणारा असा रस्ता वाळवंटात दुर्मिळ. मात्र शुक्रवारी संध्याकाळी तिथे सहलीची गर्दी असते, सकाळच बरी. आपला दूतावास जिथे आहे त्या डिप्लोमॅटिक क्वार्टरमध्येही झाडीतून जाणाऱ्या वाटा आहेत आणि वाहतूक कमी आहे. शिवाय १३५ किलोमीटरचा स्पोर्ट्स बुलेवार्ड हा प्रकल्प २०१९ साली जाहीर झाला, आणि त्याचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२५ मध्ये खुला झाला. सायकलसाठी वेगळी वाट असल्याने घरच्या मंडळींना पहिल्यांदा नेण्यास तो फार सोयीचा.

जेद्दात २०१७ साली नव्याने खुला झालेला वॉटरफ्रंट आणि पुढचा कॉर्निश आहेच. कुठे सायकल चालते आणि कुठे फक्त पायी जायचे, ते फलक पाहून ठरवावे. समुद्राचा दमटपणा तिथे बाराही महिने असतो, पाणी दुप्पट घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणार नसाल तर सायकल गाडीवर बांधून डोंगरात जा. ताइफ सुमारे १,८०० मीटर उंचीवर, तर अबहा २,२०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही बरेच उंच. जुलैतही तिथली सकाळ सुखाची असते. घाटात मात्र सायकल नको. अल हदाचा नागमोडी घाट गाडीने चढा आणि वरच्या पठारावर फिरा. जेद्दाहून ताइफला जाताना मक्केच्या अलीकडे मुस्लिमेतरांसाठीचा वेगळा रस्ता घ्यावा लागतो, तो चुकवू नका. उंचावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा, दम लवकर लागतो. आणि खऱ्या शर्यतीचे रस्ते पाहायचे असतील तर हिवाळ्यात अलउलाला जा. २०२० साली रियाधच्या परिसरात सुरू झालेली सौदी टूर २०२२ पासून तिथे गेली, आणि २०२४ पासून तिचे नावच अलउला टूर झाले.

थोडा हिशेबही

जुनी सायकल ६०० रियाल, हेल्मेट, दिवे आणि पंप मिळून २५०. सौ.ची नवी सायकल ९००. वर्षाची किरकोळ दुरुस्ती दीडशेच्या आत. रियालचे रुपये करून पाहण्याची आपली सवय जुनीच आहे, करून पाहा, तरीही महाग वाटणार नाही. नव्या माणसाने पहिले सहा महिने तीन हजारांची सायकल घेऊ नये, एवढेच सांगेन.

त्यापेक्षा महत्त्वाचे तीन कागद आजच काढून वाचा. पहिला, कंपनीने दिलेल्या आरोग्य विम्याचा. हाडाची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि आपला हिस्सा किती, हे त्यात लिहिलेले असते. दुसरा, भारतातल्या अपघात विम्याचा. परदेशातला अपघात त्यात येतो का आणि वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. माझ्या कागदावर लग्नाआधीचे, म्हणजे आईचे नाव होते, आणि आईला जाऊन नऊ वर्षे झाली होती! तिसरा कागद आपणच लिहायचा: बँकेची खाती, हप्ते आणि कंपनीतल्या माणसाचा दूरध्वनी, घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवलेला. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, कारण पूर्ण पगार तीसच दिवस असतो.

जमेची बाजूही सांगतो. माझा तो ७.१ चा आकडा गेल्या तपासणीत ६.३ निघाला. गोळ्या चालू आहेत, रात्रीचा ब्रोस्ट बंद आहे आणि घरची भाजी-भाकरी परत आली आहे, त्यामुळे सगळे श्रेय सायकलला देणार नाही. पण सौ.च्या इकाम्यासाठी वर्षाला भरावे लागणारे ४,८०० रियाल हा आता मला खर्च वाटत नाही.

वहीची अजून बरीच पाने कोरी आहेत. आपल्या गावातला एखादा चांगला रस्ता आपल्याला ठाऊक असेल तर मंडळाकडे लिहून पाठवा. लांबी, वेळ, पाणी, दिवे, बाक, कुत्री, आणि बघण्यासारखे काय, एवढे सात रकाने पुरेत. बाल्कनीतल्या सायकलीवरचे टॉवेल काढून ठेवा. येत्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला फनातीरच्या कॉर्निशवर आम्ही दोघे असूच. वारा कुठून आहे ते मात्र निघण्याआधी पाहून या.